चिंबोरीचे नाव आणि तिचे अभ्यासक
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी "खेकडे" असे सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पाककृती का?" पाककृती सांगायला माझ्यापेक्षा अधिकारी अशा निदान दहाजणी या सभागृहात बसल्या आहेत. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. तेव्हा चिंबोरी कढईत पडण्याआधी जी असते, तिच्याविषयी आणि तिच्या अभ्यासात ज्यांनी जन्म घातला त्यांच्याविषयी चार शब्द सांगावेत, असा माझा मानस आहे. ज्या भगिनी माळकरी आहेत किंवा ज्यांच्या घरी मासळी येत नाही, त्यांनी कृपया उठून जाऊ नये. विषय शेवटी आपल्या सर्वांपाशी येणार आहे.

प्रथम ओळख करून देते. खेकडा, कोळंबी, करंदी, जवळा आणि शेवंड ही सारी एकाच कुळातली मंडळी. शास्त्रात त्यांना कवचधारी प्राणी म्हणतात. आपला सांगाडा शरीराच्या आत असतो, त्यांचा बाहेर असतो. आता बाहेरचे हे कवच काही अंगाबरोबर वाढत नाही. मुलाचा सदरा आखूड झाला की आपण नवा शिवतो, तसे या प्राण्याला वाढायचे असले की जुने कवच टाकून नवे धारण करावे लागते. नवे कवच आरंभी मऊ असते. खेकडा पाणी शोषून फुगतो आणि त्या मापाने ते कवच टणक होते. मग आत मांस भरायला काही काळ जावा लागतो. बाजारातून मोठी दिसणारी चिंबोरी आणावी आणि फोडल्यावर आत नुसते पाणी निघावे, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळजणींना असेल. त्या चिंबोरीने नुकतीच कात टाकलेली असते. म्हणून चिंबोरी हातात घेऊन वजन पाहावे, आकारावर जाऊ नये. बाजारातल्या कोळीणमावशी हे शास्त्र कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणतात. नर कोणता आणि मादी कोणती, हेही त्या पोटाखालची पट्टी पाहून एका दृष्टिक्षेपात सांगतात. नराची पट्टी अरुंद असते आणि मादीची रुंद, कारण मादीला त्या पट्टीखाली अंडी सांभाळायची असतात.

मग शास्त्रज्ञाने वेगळे काय केले, असा प्रश्न कोणी विचारील. त्याने पहिले काम केले ते नाव देण्याचे. हे काम दिसायला क्षुल्लक आहे. पण बारशाला आपण एवढा थाट का करतो? नाव मिळाले की मूल कोणाचे, कोणत्या घरचे, हे ठरते. त्याची नोंद होते आणि ते हरवले तर शोधता येते. प्राण्याचेही तसेच आहे. ज्याला नाव नाही त्याची मोजदाद होत नाही, आणि ज्याची मोजदाद नाही ते नाहीसे झाले तरी कोणाला पत्ता लागत नाही.

आपल्या चिंबोरीचेच उदाहरण घेते. खाडीच्या चिखलात राहणाऱ्या या खेकड्याचे शास्त्रीय नाव स्किल्ला सेराटा असे शतकभराहून अधिक काळ सर्रास लिहिले जात होते. कोळी लोक मात्र सगळ्या चिंबोऱ्या एकसारख्या नसतात हे जाणून होते. एक हिरवट आणि मोठी होणारी, दुसरी तांबूस आणि आकाराने लहान. १९९८ साली कीनन, डेव्ही व मान या तीन संशोधकांनी बारकाईने तपासणी करून दाखवले, की या एका नावाखाली चार निरनिराळ्या जाती वावरत आहेत. भारतात मुख्यतः दोन आढळतात. मोठी ती सेराटा आणि लहान तांबूस ती ऑलिव्हेसिया. आता ज्याला चिंबोरीची शेती करायची आहे, त्याने लहान जातीची पिल्ले मोठ्या जातीची समजून तळ्यात सोडली तर वर्षाअखेर त्याच्या पदरात काय पडेल? नावातली चूक ही अशी थेट माणसाच्या पोटापर्यंत जाते.

आपल्या मुंबईच्या खेकड्यांना एका ठिकाणी, एका यादीत, चित्रांसह आणण्याचे मोठे काम ज्यांनी केले, त्या डॉ. बोमन फ्रामजी छापगर यांचे नाव या सभेत मुद्दाम घेते. त्यांच्यापूर्वी हिंदुस्थानच्या खेकड्यांवर मोठा ग्रंथसंभार रचला तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे आल्फ्रेड अल्कॉक यांनी. हे पेशाने डॉक्टर. सागरी सर्वेक्षणाच्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर शल्यवैद्य म्हणून गेले आणि समुद्राचेच होऊन राहिले. १८९५ ते १९०० या काळात त्यांची लेखमाला एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. परंतु ती साऱ्या हिंदुस्थानची. आपल्या दाराशी काय आहे, हे मुंबईकराला कळायला हवे होते.

ते काम छापगर यांनी केले. १९५६ साली मुंबईच्या काही खेकड्यांच्या विणीच्या सवयी आणि त्यांच्या पिल्लांच्या अवस्था यांवर त्यांचा निबंध इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९५७ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, त्या वेळच्या मुंबई राज्याच्या सागरी खेकड्यांवर त्यांचा दीर्घ निबंध दोन भागांत आला. आजही पश्चिम किनाऱ्यावरच्या खेकड्यांविषयी लिहू पाहणाऱ्याला त्या निबंधापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिंपल्याच्या आत राहणारे वाटाण्याएवढे खेकडे असतात. त्यांतल्या एका जातीला छापगर यांनी त्याच निबंधात पिनोथेरिस विकाजी हे नाव दिले. शिंपल्या निवडताना असा इवला खेकडा आपल्यापैकी कोणाच्या हाती लागला असेल आणि तो आपण बोटाने बाजूला टाकला असेल. कोणीतरी तसा एक उचलून भिंगाखाली धरला, त्याचे पाय मोजले, चित्र काढले आणि त्याला जगात जागा दिली.

छापगर पुढे चर्नी रोडजवळच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक होते. हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. शनिवार-रविवारी अंधेरी-बोरिवलीहून गाडी पकडून, मुलांच्या बोटाला धरून तेथे गेलेल्या माता या सभेत किती आहेत, हे हात वर न करताही मला ठाऊक आहे. काचेमागचा मासा पाहून मुलाने प्रश्न विचारावा आणि त्याला उत्तर मिळावे, एवढ्यासाठी एक विद्वान माणूस तेथे काम करतो, याची जाणीव आपल्याला त्या वेळी नसते. सामान्य वाचकालाही समुद्रजीवन समजावे म्हणून छापगरांनी पुस्तके लिहिली. २००६ साली निघालेले भारतातील सागरी जीवनावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक शाळकरी मुलालाही वाचता येईल असे आहे. विद्वत्ता आणि सोपेपणा यांचे वैर नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

पिल्लांच्या अवस्थांचा उल्लेख मी मघाशी केला. त्यातली गंमत सांगण्यासारखी आहे. खेकड्याचे अंड्यातून निघालेले पिल्लू खेकड्यासारखे मुळीच दिसत नाही. डोळे मोठे, डोक्यावर लांब काटा, मागे शेपूट आणि आकार टाचणीच्या डोक्याहूनही लहान. ते पाण्यात तरंगत राहते. १८०२ च्या सुमारास बॉस्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते सापडले, तेव्हा त्यांनी हा एक स्वतंत्र प्राणी समजून त्याला झोइया असे नाव दिले. पुढे पंचवीसएक वर्षांनी आयर्लंडमधल्या जॉन व्हॉन टॉम्प्सन नावाच्या लष्करी डॉक्टरांनी दाखवून दिले, की झोइया म्हणजे खेकड्याचे बाळ. आपल्या चिंबोरीचे पिल्लू अशा पाच पायऱ्या चढते, मग मेगालोपा नावाची आणखी एक अवस्था पार करते आणि तेव्हा कोठे ते खेकड्याच्या रूपात येते. चिंबोरीची मादी अंडी घालण्यासाठी खाडी सोडून समुद्राकडे जाते. एका वेळी अंडी दहा लाखांच्या वर असतात, पण मोठे होणारे फारच थोडे. बाकीचे समुद्रातल्या लहानमोठ्या माशांचे अन्न होते. उरलेले बाळ परत खाडीत येऊन कांदळवनाच्या मुळांत आसरा घेते. म्हणजे मुलुंड-भांडुपची खाडी, वर्सोव्याची खाडी, गोराई-मनोरीची खाडी ही चिंबोरीची माहेरघरे आहेत. तिथे भराव पडला तर बाजारात चिंबोरी महाग का झाली, हे विचारायला नको.

आता तुम्हांला थोडे दूर, अमेरिकेत घेऊन जाते. तेथे एक बाई होऊन गेल्या. त्यांचे नाव मेरी जेन रॅथबन. महिला मंडळात खेकड्यांवर बोलायचे आणि या बाईंचे नाव घ्यायचे नाही, हे मला शक्य नाही.

त्यांचा जन्म ११ जून १८६० रोजी बफेलो या गावी झाला. त्या वर्षाच्या असतानाच आई गेली. वडिलांच्या दगडाच्या खाणी होत्या. त्या दगडांत सापडणारे प्राचीन प्राण्यांचे ठसे पाहून मुलांच्या मनात जिज्ञासा जागी झाली. शाळेनंतर मेरीबाई महाविद्यालयात गेल्या नाहीत. थोरले बंधू रिचर्ड हे स्पेन्सर बेअर्ड या मोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली मत्स्यसंशोधनात काम करीत. १८८१ साली बहीण त्यांच्याबरोबर वुड्स होल या समुद्रकाठच्या केंद्रावर गेली. एकवीस वर्षांची झाल्यावर तिने प्रथमच समुद्र पाहिला. भावाला मदत म्हणून ती नमुने वेगळे करणे, चिठ्ठ्या लावणे, नोंदी ठेवणे ही कामे करू लागली. पगार नव्हता. तीनएक वर्षे असे बिनपगारी काम झाल्यावर बेअर्ड यांनी तिला लेखनिकाची जागा दिली. १८८६ साली ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली आणि पुढचे सारे आयुष्य त्याच संग्रहालयात कवचधारी प्राण्यांच्या बरण्यांमध्ये गेले.

भगिनींनो, या कामाचे स्वरूप ध्यानात घ्या. जगभरातून जहाजे येत, बरण्या भरून खेकडे येत. त्यांची उस्तवार कोणी करायची? धुणे, वेगळे करणे, चिठ्ठी लिहिणे, मांडून ठेवणे, परत मागितले की नेमके शोधून देणे. घर चालवणाऱ्या बाईला हे काम नवे नाही. जे निगुतीने केले तर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि न केले तर सगळ्यांच्या भरते, त्या जातीचे हे काम. मेरीबाई ते करता करता शिकल्या. १८९१ साली एका सहकाऱ्याबरोबर पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि नंतर त्यांची लेखणी थांबली नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर, म्हणजे ज्यांना आपल्याकडे रायगडात मुठे म्हणतात त्यांच्या साऱ्या जगातील भाऊबंदांवर, त्यांचा मोठा ग्रंथ १९०४ ते १९०६ या काळात फ्रेंच भाषेत आला. अमेरिकेच्या खेकड्यांवरचे चार जाडजूड खंड १९१८ ते १९३७ या काळात आले. हजाराहून अधिक जातींना त्यांनी प्रथम नाव दिले. अमेरिकेत आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या निळ्या खेकड्याचे नावही त्यांचेच. १८९६ साली त्यांनी त्याला सॅपिडस हा शब्द जोडला. त्याचा अर्थ रुचकर! शास्त्रज्ञ बाईंनाही स्वयंपाकघर ठाऊक होते, असे म्हणायला हरकत नाही.

१९१४ साली एक गोष्ट घडली. विभागात मदतनिसाची फार गरज होती, पण दुसऱ्या पगाराची तरतूद नव्हती. वॉल्डो श्मिट नावाचा होतकरू तरुण हाताशी होता. मेरीबाईंनी आपल्या जागेचा राजीनामा दिला, तो पगार त्या तरुणाला मिळावा म्हणून. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पूर्वीसारख्याच कामावर येऊ लागल्या, बिनपगारी. हा क्रम पुढे पंचवीस वर्षे चालला. १९१७ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. ४ एप्रिल १९४३ रोजी त्या निवर्तल्या. खेकड्यांच्या अभ्यासासाठी आपल्या पुंजीतले दहा हजार डॉलर त्या संग्रहालयाला ठेवून गेल्या.

या त्यागाची मी स्तुती करते, पण तेवढ्यावर थांबत नाही. स्त्रीने बिनपगारी काम करावे आणि जगाने तिला थोर म्हणावे, ही गोष्ट आपल्या फार परिचयाची आहे. मला त्यांच्या आयुष्यात अधिक मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवली. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, प्रत्येक निबंधाखाली नाव. म्हणून आज त्यांचे काम मोजता येते. आपल्या आयांनी आणि आज्यांनी किती काम केले, ते कोणत्या वहीत आहे? ही स्मरणिका आपण दरवर्षी काढतो, तिच्या खर्चावरून कुरकुर होते. मला विचाराल तर ही स्मरणिका म्हणजे आपल्या मंडळाची बरणीवरची चिठ्ठी आहे.

मोजदाद राहिली नाही तर काय होते, आणि राहिली तरी तिच्याकडे लक्ष दिले नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. मुंबईच्या समुद्रात चपट्या तोंडाची एक शेवंड मिळत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ट्रॉलरच्या जाळ्यांत ती मोठ्या प्रमाणावर येऊ लागली आणि परदेशी चांगली किंमत मिळू लागली. शेवंडीची मादी आपली अंडी पोटाखाली घेऊन आठवडेच्या आठवडे वावरते. जाळे अंडीवाली कोण आणि बिनअंड्याची कोण हे पाहत नाही. पंधराएक वर्षांत, १९९४ पर्यंत, ही शेवंड मुंबईच्या समुद्रातून जवळजवळ नाहीशी झाली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रातले डॉ. विनय देशमुख यांनी या ऱ्हासाचा आकडेवार वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध केला. याच देशमुखांनी आपल्या जवळ्याचाही अभ्यास केला. इंचभर लांबीचा जवळा, गरिबाच्या ताटातला आणि पावसाळ्याच्या बेगमीतला. पण बोंबलापासून अनेक मासे त्यावरच जगतात. वर्सोव्याच्या वाळूत जवळा वाळत पडलेला दिसतो, तेव्हा तो साऱ्या समुद्राचा पाया वाळत पडला आहे, असे समजावे.

शासनानेही काही पावले उचलली. २००३ साली केंद्र सरकारने शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजन ठरवले. चपट्या शेवंडीला १५० ग्रॅम आणि आपल्या चिखलातल्या शेवंडीला ३०० ग्रॅम. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या सागरी जीवांसाठी किमान आकार ठरवून दिला, की त्याहून लहान असेल तर पकडू नये. परंतु नियम कागदावर असतो आणि मासळी टोपलीत. टोपलीपुढे उभी असते ती आपण.

म्हणून शेवटी आपल्या हातात काय आहे, तेवढे सांगते. एक, पोटाखालच्या पट्टीबाहेर अंड्यांचा पुंजका आलेली चिंबोरी किंवा शेवंड घेऊ नये. ही अंडी चवीला काही विशेष नसतात, आणि त्या पुंजक्यात पुढच्या वर्षांची चिंबोरी असते. गाभोळीची आवड सर्वांना आहे, मलाही आहे. पण टोपलीत नर असेल तर नर मागावा. त्याच्या नांग्याही मोठ्या असतात. दोन, अगदी लहान चिंबोऱ्यांचा स्वस्त वाटा घेऊ नये. पाच-सहाजणींनी एकाच आठवड्यात नको म्हटले की मावशी पुढच्या आठवड्यात तो वाटा आणत नाहीत. त्यांना दोष देऊ नये, त्यांचेही घर त्यावर चालते. तीन, घरात प्राणिशास्त्राकडे ओढ असलेली मुलगी असेल, तर "खेकड्यांचे काय करणार शिकून?" असे म्हणू नये. आपल्या वर्सोव्यालाच १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९८९ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले आणि मुली तेथे शिकायला येतात, आणि आपल्या अंधेरीच्या मुलीला मात्र रिक्षातून तिची पाटी वाचूनही आत काय चालते हे माहीत नसते. आणि नव्या नावांचे काम संपलेले नाही. २०१६ साली सह्याद्रीतून गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जातींची नोंद एकाच निबंधात झाली. ओढ्याकाठी मुठे पकडणाऱ्या पोरांनी ते खेकडे पिढ्यान्पिढ्या पाहिलेले असतील. कागदावर मात्र ते कालपरवा आले.

आपण मंडळातर्फे दरवर्षी कोकणात सहल काढतो. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत महिलांचा एक बचतगट होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतो आणि तिथले खेकडे, पक्षी, झाडे यांची माहिती सांगतो. यंदाची सहल तिकडे न्यावी, अशी मी कार्यकारिणीला विनंती करते. आपल्यासारख्याच बायका आपल्या खाडीला नावानिशी ओळखतात, हे पाहून आपल्यालाही आपली खाडी ओळखावीशी वाटेल.

फराळाची वेळ झाली आहे, आणि आजचा फराळ, चिटणीसबाईंनी सांगितल्याप्रमाणे, पूर्ण शाकाहारी आहे.